लायनीला एक तास

यंदाच्या वैशाखात आमच्या टेकडावर रोज नळ येतो. सकाळी सहाच्या सुमाराला आधी मोरीत धार लागते, मग अंगणात. सून भांडी घासत असते, नात दात घासता घासता नळ तसाच सोडून निघून जाते आणि मी खुर्चीवरून ओरडते, "अगं, नळ बंद कर!" घरातली सगळी हसतात. म्हातारीचं हे रोजचंच, असं त्यांना वाटतं. मलाही हसू येतं कधी कधी. पण धारेचा आवाज जरा वेळ नुसता चालू राहिला, की मी स्वतः उठून जाते आणि तो बंद करते.

गाव बदललं. वाईट बदललं असं मी म्हणणार नाही. टेकडावर नगरपरिषदेची उंच टाकी उभी राहिली. बसस्टँडपासून कचेरीपर्यंत सिमेंटचा रस्ता झाला, भाजीमंडईवर पत्रे आले, ओढ्याकाठी जिथं काटेरी बाभळी होत्या तिथं आता बाग आहे आणि संध्याकाळी तिथं बायका चपला हातात घेऊन गवतावरून चालतात. मागच्या महिन्यात नगराध्यक्षा स्वतः घरी आल्या. माझीच विद्यार्थिनी. आठवीत मी तिला इतिहास शिकवलाय. पाया पडून समोर बसली आणि म्हणाली, "बाई, नगरपरिषदेनं केलेल्या कामाची पुस्तिका काढून राहिलो आम्ही. पहिली दोन पानं गावच्या इतिहासाची. ती तुम्हीच लिहायची."

मी हो म्हणाले. जाताना दारातून ती परत फिरली. "आणि बाई, दुष्काळाचं बी लिहा थोडं. म्हंजी आजचं काम उठून दिसंल."

पोरगी मनानं चांगली. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. ती गेल्यावर मी वही घेऊन बसले. निजामाच्या वेळची तहसील कचेरी, तिच्या कमानीवरची उर्दू अक्षरं, मंगळवारचा बाजार, गावाबाहेरची दगडी बारव, रझाकारांच्या दिवसांत रानात जाऊन लपलेली माणसं, मग उस्मानाबाद जिल्हा, मग लातूर जिल्हा. इथपर्यंत पेन सरळ चाललं. पुढं दुष्काळ आला आणि ते थांबलं.

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी हायस्कुलात होते. एसटी स्टँडवरच्या पाटीवर 'जि. उस्मानाबाद' होतं. त्यावर पांढरा रंग मारून 'जि. लातूर' लिहिलं. रंग पातळ होता, त्यामुळे जुनी अक्षरं खालून दिसायची. गावानं गुलाल उधळला, पेढे वाटले. म्हातारी माणसं पारावर बसून म्हणायची, "आता कलेक्टर जवळ आला. आता पाणी बी जवळ येईल." खरंच, थोड्या दिवसांनी जीपमधून माणसं आली, आमच्या टेकडावर दुर्बीण लावून बघितलं आणि लाल रंगाच्या खुंट्या ठोकून गेली. धरणातून पाईप येणार, टेकडावर टाकी होणार. त्या खुंट्या शेळ्यांनी पाडल्या. टाकी व्हायला माझे केस पांढरे व्हावे लागले, पण ती झाली, हेही खरं.

त्या नव्या जिल्ह्याच्या पहिल्याच काही वर्षांतला तो उन्हाळा. मी मॅट्रिकची परीक्षा देऊन घरी बसले होते. पाऊस आदल्या साली पोळ्याच्या आधीच गेला होता. फाल्गुनातच नदीचं वाळवंट झालं. नदीतल्या विहिरीतून गावाला पाणी यायचं, ती विहीर इतकी खाली गेली की दिवसभर मोटार चालवली तरी टाकी भरायला आठवडा लागायचा. म्हणून आठव्या दिवशी पाणी.

आणि ते पाणी सोडायचं काम माझ्या वडिलांचं होतं.

वडलांना आम्ही दादा म्हणायचो. गाव त्यांना किसनदादा पाणीवाले म्हणायचं. नगरपालिकेत ते वॉलमन होते. खांद्यावर लोखंडाची लांब चावी घेऊन पहाटे निघायचे, रस्त्यातल्या खड्ड्यावरचं झाकण उचलायचे, चावी आत घालून वॉल फिरवायचे. गावात चार लायनी होत्या. एका लायनीचा वॉल उघडला की तास धरायचा, तास झाला की बंद करून दुसरा उघडायचा. वेळ ते घड्याळावर बघायचे. मिनिटभर इकडंतिकडं व्हायचं नाही. वरच्या आळीतले एक वकील स्वतःच्या लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी आले होते, चहा न घेता दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "किसन, उद्या आमच्याकडं जरा जास्त सोड." दादा म्हणाले, "साहेब, टँकर सांगा. लायनीला एक तास." वकिलांना राग आला. पण पुढं बाजारात तेच चारचौघांत म्हणाले म्हणे, की माणूस असावा तर असा.

दादा असे का होते, ते मला मोठेपणी समजलं. गावाबाहेरच्या बारवेचं मी आत्ता सांगितलं. ती पर्यटकांनी फोटो काढावेत अशी सुंदर आहे. पुस्तिकेत तिचा रंगीत फोटो आहे. माझे आजोबा त्या बारवेच्या वरच्या पायरीपाशी घागर ठेवून उभे राहायचे. आत उतरायची आमच्या माणसांना मुभा नव्हती. कुणाला दया आली तर तो येता येता त्यांच्या घागरीत ओतायचा. कधी दुपार व्हायची. लहानगे दादा त्यांच्या शेजारी उन्हात उभे असायचे. पुढं आजोबांनी धम्म घेतला, दादांना शाळेत घातलं, दादा सातवी झाले आणि नगरपालिकेत लागले. पहिल्या दिवशी वॉल उघडून ते त्या लायनीच्या शेवटच्या नळापर्यंत चालत गेले होते, पाणी पोचलं की नाही बघायला. हे त्यांच्यासोबत काम करणाऱ्या करीमचाचांनी मला सांगितलं. करीमचाचा नगरपालिकेचे फिटर. पाईप फुटला की ते, आणि वॉल फिरवायला दादा. दोघं एकाच डब्यात जेवायचे.

आमची वस्ती चौथ्या लायनीवर. लायन खाली चांभारओळीपासून सुरू व्हायची आणि चढत चढत टेकडावर आमच्या घराशी संपायची. पाणी सुटलं की आधी खालची घरं भरायची. आमच्या नळातून बराच वेळ नुसती हवा यायची, फुस्स, फुस्स. त्या आवाजाला आम्ही कान लावून बसायचो. मग करंगळीएवढी धार लागायची. दोन घागरी होतात न होतात तोच तास संपायचा. यात कुणाचा दोष नव्हता. चढच तेवढा होता.

अशा त्या उन्हाळ्यात माझी बहीण माहेरी आली.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. नाव सुशीला. दादा तिला सुशी म्हणायचे. शिरूर अनंतपाळकडच्या एका खेड्यात तिला दिली होती. पहिलटकरीण. रिवाजानं सातव्यात यायची, पण सहाव्यातच आली, कारण तिकडं पाणी आणायला दोन कोस जावं लागायचं. एसटीतून उतरली तेव्हा ओठांना भेगा पडल्या होत्या. घरात येऊन दोन तांबे पाणी प्याली आणि हसत म्हणाली, "सासू म्हणली, जा बाई माहेरी. तुझा बा तर पाण्याचाच मानूस हाय. तिथं तुला काय कमी?"

मायनं हे ऐकलं आणि रिकाम्या माठाकडं बघितलं.

अक्का आली आणि घरात आवाज आला. ती सासऱ्याच्या खोकण्याची नक्कल करायची, कंडक्टरची करायची, मी परीक्षेत कशी पेन चावत बसले असेन त्याची करायची. दुपारी अंगणातल्या कडुलिंबाखाली आम्ही दोघी बाळासाठी दुपटी शिवायचो. लिंबाचा मोहर गळून अंगावर पडायचा. तो वास मला अजून सहन होत नाही. गयामावशी शेजारची, ती विचारायची, "काय खावं वाटतंय गं सुशे? कैरी? चिच्चा?" एकदा अक्का म्हणाली, "खायला काई नको मावशी. मला ना, भरल्या बादलीनं नहावं वाटतंय. डोक्यावरून पाणी वाहू द्यावं नुसतं." गयामावशी हसली. "असला डोहाळा न्हाई ऐकला बाई कुठं." दादा तेव्हा अंगणात जेवायला बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. ताटातली भाकर मात्र तशीच राहिली.

पुढच्या पाळीचं पाणी होतं त्या दिवशी पहाटे मी अंथरुणात जागी होते. दादा पायात वहाणा घालत होते. माय चुलीपुढून उठून त्यांच्याजवळ आली.

"आपल्या लायनीला अर्धा घंटा जास्त ठिवा आज."

"न्हाई जमायचं."

"माझ्यासाठी मागून न्हाई राहिले मी. पोरीसाठी मागून राहिले. पोटुशी हाय ती."

"खालीबी पोरी हायत. त्यांच्याबी पोटात लेकरं हायत."

"त्यांचे बाप कुठं नळावर हायत?"

दादांनी चावी उचलली. "हिचा बाप नळावर हाय, मनूनच न्हाई," ते म्हणाले. "ज्याच्या हातात पाणी व्हतं त्यानं आपल्या आपल्यालाच वाढलं, ते मी बगितलंय. मी तसं करणार न्हाई."

माय काही बोलणार, तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला. तीही जागी होती. "माय, जाऊ दे. दादा बरुबर बोलून राहिले."

दादा गेले. त्या दिवशी आमच्या नळाला दीड घागर पाणी आलं.

दीड घागर आठ दिवस पुरत नाही. पिण्याचं तेवढ्यावर भागवायचं आणि बाकीचं ओढ्याकाठच्या आडातून आणायचं, असं मायनं ठरवलं. ते काम माझं. चौथ्या-पाचव्या दिवशी नळाचं संपलं, की पिण्यालाही आडाचंच. आड खोल गेला होता, तळाशी पिवळट पाणी. दोरी पुरायची नाही म्हणून साडीचा धडपा जोडलेला. करीमचाचांनी दारावरून जाताना बजावलं होतं, "भाभी, वो आड का पानी उबाल के पिओ. वैसा नको पिओ." माय रोज उकळायची. चार पदरी फडक्यातून गाळायची, तुरटी फिरवायची, मोठ्या पातेल्यात उकळायची, निवलं की माठात. सरपण वेचायलाही मीच जायचे.

एका दुपारी माय गयामावशीसोबत रेशनच्या रांगेत गेली होती. मी आडावरून दोन घागरी घेऊन आले. उन्हानं डोळ्यांपुढं अंधारी येत होती. सरपण संपलं होतं. अक्का आत झोपली होती आणि माठ कोरडा होता. मी पाणी गाळलं आणि तसंच माठात ओतलं. उकळलं नाही. संध्याकाळी सरपण आणू, मग बघू, असं मनाशी म्हणाले. संध्याकाळी विसरले.

हे मी कुणाला सांगितलं नाही. किती वर्षं, ते पुढं येईल.

वैशाखाच्या मध्याला अक्काला ताप आला. उन्हाचा असेल म्हणून कांद्याचा रस चोळला. अन्न जाईना. चार दिवसांनी मी तिची वेणी घालत होते. ती आरशात बघून म्हणाली, "मंगल, माझे डोळे बग गं. हळद लावल्यासारखे झाले." अजूनही तिला हसू येत होतं. कावीळ म्हटल्यावर पलीकडच्या गावच्या माणसाचं झाडपाल्याचं औषध आणलं. सगळा गाव तेच घ्यायचा. सहाव्या दिवशी ती भलतंच बोलायला लागली. मला आत्याच्या नावानं हाक मारली. मग हाक मारायचीही थांबली.

दादा डोक्याला हात लावून उभे होते. धावपळ करीमचाचांनी केली. अर्धापूरहून केळी घेऊन आलेला एक ट्रक माल उतरवून रिकामा परत चालला होता, तो त्यांनी चौकात हात आडवे करून थांबवला. नांदेडवरूनच जाणार होता. ट्रकच्या हौद्यात केळीची वाळलेली पानं पसरलेली होती. त्यावर गोधडी टाकून अक्काला निजवलं. तिचं डोकं मायच्या मांडीवर, पाय माझ्या. दादा फळीला धरून उभे. भर दुपार. पानं वाऱ्यानं उडायची आणि अक्काच्या तोंडावर यायची, मी बाजूला करायची. रस्ताभर दोन्ही बाजूंना पिवळं रान, एक हिरवं पान नाही. अर्ध्या वाटेत माय एकदाच बोलली. दादांकडं न बघता म्हणाली, "अर्धा घंटा मागितला व्हता मी."



नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे करता येईल ते केलं. गरोदरपणात ही कावीळ फार वाईट, असं एक डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन सांगत होत्या. त्यांचे स्वतःचे डोळे भरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मूल गेलं. मुलगी होती. दुपारी अक्का गेली. वीस वर्षांची होती ती.

पाचव्या दिवशी गावच्या पाण्याची पाळी आली. दुसऱ्या कुणाला पाठवतो, असं नगरपालिकेतल्या माणसांनी दादांना सांगितलं होतं. दादा उठले, तोंड धुतलं आणि गेले. माय भिंतीला टेकून बसली होती, ती त्यांना जाताना बघत राहिली. त्या बघण्याची मला भीती वाटली.

चौथ्या लायनीची वेळ झाली. मी सवयीनं नळाकडं कान लावला. हवा आलीच नाही. एकदम धार आली. जाड, जोरदार धार, अशी आम्ही त्या नळाला कधी बघितली नव्हती. करीमचाचा धापा टाकत चढ चढून आले. खालच्या घरांनी आज नळ उघडलेच नव्हते. चांभारओळीनं, मधल्या गल्लीनं, कुणीही. त्यांनीच ठरवलं होतं. करीमचाचा अंगणात उभे राहून म्हणाले, "भाभी, घडा रखो नल के नीचे. सब लोगां तुम्हारे वास्ते छोडे पानी."

माय उठली नाही. घागर लावली नाही. मीही लावली नाही. त्या दुष्काळात, जिथं माणसं आंघोळीच्या पाण्यात भांडी धुवायची, तिथं आमच्या अंगणातून पाणी वाहत चाललं. लिंबाच्या बुडाशी डबकं झालं, चिमण्या उतरल्या. वस्तीतल्या बाया कळश्या घेऊन दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. कुणाचं आत यायचं धाडस होईना. शेवटी मायच म्हणाली, "भरा गं बायांनो. वाया कामून घालवता?" आणि तोंड फिरवून बसली.

तास झाल्यावर पाणी बंद झालं. घड्याळ बघून, दादांनीच बंद केलं असणार.

त्या दिवसापासून माय दादांशी बोलली नाही. भांडली नाही, माहेरी गेली नाही, त्यांच्या भाकरीत, धुण्यात काही कमी केलं नाही. फक्त बोलणं थांबलं. "तुझ्या दादाला सांग, भाकर झाली." "तुझ्या दादाला इचार, बाजारातून काय आनायचं." दादा तिथंच दोन हातांवर बसलेले असायचे. मी आधी माय काय म्हणाली ते सांगायची, मग दादा काय म्हणाले ते. काही दिवसांनी सांगायचीही गरज राहिली नाही, दोघं माझ्याकडं बघून बोलायचे आणि एकमेकांचं ऐकायचे. मी बीए झाले, बीएड केलं, याच गावात शिक्षिका झाले, लग्न झालं, शेजारीच घर बांधलं. मी घरात नसायची तेव्हा माय भिंतीशी बोलायची. "भाकर झाली म्हणावं."

दादा निवृत्त झाले तेव्हा नगरपालिकेनं शाल-नारळ दिला. चारी लायनीतली माणसं आली होती. वरच्या आळीतल्या एका म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. दादांनी घरी येऊन शाल दोरीवर टाकली. माय आत तांदूळ निवडत होती. तिनं वळून बघितलं नाही.

पुस्तिकेसाठी मी शेवटी एक ओळ लिहिली: 'दुष्काळाच्या काळात शहराला आठव्या दिवशी पाणी मिळत असे.' ती छापून आली आहे. वाक्यात चूक काही नाही. आयुष्यभर मी मुलांना अशीच वाक्यं शिकवली.

म्हातारपणी दादांना विसर पडायला लागला. आधी माणसांची नावं गेली, मग घराची दिशा. करीमचाचा वारले, ते त्यांना दर आठवड्याला नव्यानं सांगावं लागायचं आणि ते दर वेळी नव्यानं रडायचे. मग एक काम सुरू झालं. उजाडायच्या आत उठायचे आणि बाहेर जायचे. एका सकाळी मी फाटकाशी उभी होते. दादा नव्या सिमेंटच्या रस्त्यावर मधोमध वाकलेले, रिकामे हात गोल गोल फिरवत होते. जुना वॉल तिथंच कुठंतरी खाली गाडला गेलेला. मी पुढं होणार तेवढ्यात माय माझ्या बाजूनं गेली. अनवाणी, कमरेत वाकलेली. जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तीसेक वर्षांनी त्यांच्याशी बोलली.

"काय करून राहिले?"

"पाणी सोडतो. चौथी लायन राहिली."

"सोडलं की तुमी. आलं पाणी."

"टेकडावर आलं?"

"आलं."

"किती आलं?"

"लई आलं. समदं भरलं. चला घरी."

दादा उठून उभे राहिले. मायच्या तोंडाकडं बराच वेळ बघत होते. तिला त्यांनी ओळखलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग हळू आवाजात म्हणाले, "सुशी न्हाली का?"

माय म्हणाली, "न्हाली." आणि त्यांचा हात धरून त्यांना घरी घेऊन आली.

त्यानंतर दादा सात-आठ महिने होते. माय त्यांच्याशी रोज बोलायची, सारखी बोलायची, गावातलं, शेजारचं, स्वयंपाकाचं. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं.

दादा गेले त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघी ओट्यावर बसून तुरीची डाळ निवडत होतो. आणि मी बोलले. का तेव्हाच, माहीत नाही. मी म्हणाले, "माय, एक दिवस मी आडाचं पाणी न उकळता माठात ओतलं होतं. तू रेशनला गेली होतीस." कावीळ कुठल्या दिवसाच्या घोटातून आली, ते कुणाला सांगता येत नाही. सासरहूनही घेऊन आली असेल, असं एका डॉक्टरांनी मला नंतर समजावलं होतं. त्या समजावण्याचा मला एक दिवसही उपयोग झाला नाही.

मायचे हात सुपात चालूच होते.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "रेशनहून आले तर माठाच्या तळाला गाळ दिसला. मला कळलं, उकळलं न्हाई. पोर घामाघूम होऊन पाणी मागत व्हती. मीच तांब्या भरून दिला तिला."

मी विचारलं, "मग दादांशी का बोलली नाहीस?"

तिनं एक खडा उचलला, बाजूला टाकला. "तुला बोलले असते तर तू जगली नसतीस. सोळा वर्साची व्हतीस. मला सोताला बोलून घेतलं असतं तर मी त्याच आडात उडी टाकली असती. तुझा बाप घट्ट मानूस व्हता. समदं त्याच्यावर टाकलं."

"त्यांना माहीत होतं?"

"त्यानं कधी इचारलं का, कामून बोलत न्हाईस मनून? एवढ्या वर्सात येकदा बी न्हाई इचारलं."

तिनं सूप बाजूला सारलं. पदर तोंडावर ओढला. आणि मग, नांदेडच्या दवाखान्यातही जी रडली नव्हती, पाचव्या दिवशीही रडली नव्हती, ती माय ओरडून रडायला लागली. "सुशे, माझे माय! सुशे गं!" अक्काचं नाव तिच्या तोंडून मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. मी तिला धरायला गेले, पण मलाच धरवेना.

आवाज ऐकून शेजारच्या बायका हातातलं काम टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं, आमच्या घरात आत्ताच कुणीतरी गेलं.